काड्यांच्या कारखान्यातली न ओढलेली बिडी

ती आग आजही आठवते, आणि आठवली की आजही माझं डोकं तापतं. आगीमुळे नव्हे, माणसांमुळे.

सोनगीरच्या पुढे हायवेला लागून काडेपेट्यांचा एक कारखाना होता. दिवाळीची सुट्टी संपून तो उघडला, त्याच सकाळी आत भडका उडाला. झाडलोट करणाऱ्या बाईचे दोन्ही हात भाजले. तिला धुळ्याला सिव्हिलमध्ये हलवलं. मी फौजदार म्हणून तपासाला जाऊन जीपमधून उतरतोय तोच ठाण्यातून निरोप आला: कोणीतरी नाव न सांगता फोन केलाय, काड्यांच्या टोकाचा मसाला असतो त्या खोलीतला म्हातारा कामगार बिड्या ओढतो, त्यालाच धरा.

झालं! आरोपी घरपोच. त्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. त्यांना ठाण्यात बसवलं आणि मी कामगारांचे जबाब घ्यायला लागलो.

"आबांना बिडी ओढताना पाहिलंस?"

"हो साहेब."

"आज? आत?"

"आज नही. पण ओढस ना तो!"

"मग पाहिलंस काय, कपाळ?"

"साहेब, बठ्ठास्ले माहीत शे."

जो येईल तो हेच, सगळ्यांना माहीत आहे. अरे, माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं, हे यांना कोण सांगणार? आबांना विचारायला गेलो तर ते त्यांच्याही वरताण.

"आबा, आज बिडी ओढली का?"

"नही साहेब."

"मग आग कशी लागली?"

"मनाच हातनी काही चूक व्हयनी व्हई."

बोला आता! माझ्याच हातून चूक झाली असेल म्हणे! माणूस स्वतःच्या गळ्यात स्वतःच फास अडकवत होता. बाहेर पायरीवर त्यांची बायको डबा घेऊन बसली होती. वरून फोनवर फोन, अटक कधी दाखवताय? अटक दाखवून सकाळी कोर्टात उभं केलं असतं, तर या वयात तो माणूस जेलमध्ये गेला असता. मी वैतागून पुन्हा कारखाना गाठला आणि मालकाला म्हटलं, काडी कशी बनते ते मला पहिल्यापासून दाखवा.

मालक खुलले. सावरीचा ओंडका सोलून पातळ पट्ट्या काढायच्या, पट्ट्या कापून काड्या करायच्या. काड्या औषधाच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या, म्हणजे विझल्यावर निखारा राहत नाही. मग टोकं आधी मेणात, नंतर मसाल्यात बुडवायची. पेटीच्या बाजूला लागणारा लाल लेप मात्र पलीकडच्या वेगळ्या खोलीत. मसाल्याची आणि लेपाची कोरडी धूळ एकत्र आली आणि घासली गेली की भडका ठरलेला.

"म्हणून तर साहेब, दोन्ही खोल्यांना माणसं वेगळी, भांडी वेगळी, झाडूसुद्धा वेगळे," मालक छाती फुगवून म्हणाले.

झाडू खरोखरच दोन खोल्यांत दोन खिळ्यांना टांगलेले होते. पण सुट्टीतली कोळिष्टकं त्यांच्यावर तशीच होती. मग सकाळी त्या बाईने झाडलं कशाने? भडका उडाला होता मधल्या बोळात. तिथली राख काठीने उकरली, तर अर्धी जळालेली केरसुणी निघाली. मुठीला हळदकुंकू.

"ही कुठली?"

"ती होय? लक्ष्मीपूजनाची. आधी पूजा ऑफिसापुरती असायची. यंदा म्हटलं, पूजेच्या केरसुणीने अख्खा कारखाना झाडून घेऊ, अवदसा बाहेर जाईल."

"दोन्ही खोल्या?"

"अख्खा म्हणजे अख्खा!"

"अहो, आत्ता तुम्हीच मला काय सांगितलंत?"

"ते रोजच्या झाडूंचं हो, साहेब. ही पूजेची!"

पंचांसमोर केरसुणी ताब्यात घेतली आणि तडक धुळ्याला गेलो. बाईने जबाब दिला: मालकांच्या सांगण्यावरून दोन्ही खोल्या झाडल्या, बोळात ढीग केला, आणि ढीग ओढताना केरसुणीखालीच जाळ झाला.

"मग सकाळीच का नाही सांगितलंस, बाई?"

"तुमना माणसेसनी बिडीनं इचारं. केरसुनीनं कोणी इचारंच नही." मग बँडेजमधले हात छातीशी धरून तिने विचारलं, "आबाले सोडशात ना?"

त्या दिवसभरात आबांच्या बायकोखेरीज दुसऱ्याची काळजी करणारं एवढं एकच माणूस मला भेटलं.

प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं. निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर दाखल झाला. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की पूजेच्या वस्तूने असं होणारच नाही. यातून मी एक शिकलो. माणसं तपासात खोटं बोलतात ते पकडता येतं. जे त्यांना सांगण्यासारखं वाटतच नाही, ते खणून काढताना जीव जातो. पुढे नोकरीभर मी गुन्ह्याचं विचारण्याआधी सणाची, पूजेची, झाडलोटीची चौकशी करत आलो. शिपाई मागे हसायचे. हसू देत.

त्याच संध्याकाळी आबांना मी जीपमध्ये पुढे बसवून कारखान्याच्या फाटकावर नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, या माणसाचा काहीही दोष नाही. सकाळी पहिला जबाब देणारा तोच गडी पुढे झाला. "आम्ही तं पहिलेपासून सांगतस साहेब, आबा असं करनारच नही!"

माझा हात शिवशिवला. आणि आबा, भला माणूस, डोळे पुसत त्यालाच हात जोडत होते.