पुराव्याचा रकाना

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात ज्वारीच्या एका जनुकाची नोंद भरत होते. पूर्णेहून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. "मंदाताई, ताई गेली." त्याला महिना होत आला. ती नोंद अजून तशीच अर्धवट पडली आहे.

बारा वर्षं आम्ही दोघी परभणीत एका खोलीत बसलो. आमचं काम लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. ताई मात्र चटकन सांगायच्या, "एकच भाजी पाथरीची बाई एका नावानं मागती, बोरीची दुसऱ्या. मानसाला कळतं, कॉम्प्युटरला न्हाई कळत." जनुकांचंही तसंच. एक शास्त्रज्ञ लिहितो 'दुष्काळात तग धरायला लावणारं', दुसरा लिहितो 'पाण्याचा ताण सोसणारं'. म्हणून जगभरच्या संशोधकांनी मिळून ठरावीक शब्दांची यादी केली आहे. आम्ही शोधनिबंध वाचायचो आणि ज्वारीचं कुठलं जनुक काय काम करतं ते त्याच शब्दांत नोंदवायचो. शेजारी पुराव्याचा रकाना असतो. कुणी प्रयोग करून पाहिलंय, की दुसऱ्या जनुकासारखं दिसतं म्हणून अंदाज केलाय, की नुसता कुणाचा तरी शब्द आहे? ताईंच्या निळ्या वहीत आणखी एक रकाना होता, 'तपासलं'. मूळ निबंध स्वतः वाचल्याशिवाय तिथं त्यांची बरोबरची खूण पडत नसे.

नवीन असताना मी भाताच्या जनुकांचे शब्द उचलून ज्वारीला चिकटवले आणि पुढं 'प्रयोग' लिहून मोकळी झाले. ताईंनी वही टेबलावर आपटली. रागावल्या की त्यांची घरची भाषा बाहेर यायची. "दिसायला सारखं म्हनून करायलाबी सारखंच? मंदे, तू पाह्यलंस का?" मी म्हटलं, नाही. "मंग काढ ते!" लय कडू बाई आहे, असं मी घरी जाऊन सांगितलं, रडलेही. पण त्या दिवशी पूर्णेची गाडी सोडून त्या माझ्याजवळ बसल्या होत्या, एकेक नोंद सुधारत. डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा डबा अर्धा परत जायला लागला. एकदा जिन्यात कठडा धरून थांबल्या. "पोटात लय दुखायलंय गं." मी काय म्हणावं? "अहो, पित्त आहे ते. माझ्या आईला अगदी असंच व्हायचं. ओवा खा, जाईल." काय अक्कल माझी! आईचं दुखणं उचललं आणि त्यांना चिकटवलं. आणि कुणाचा अंदाज कधी न चालवून घेणाऱ्या त्या बाईनं माझं मुकाट्यानं ऐकलं. दिवाळीपर्यंत ओवा खाल्ला... मग डॉक्टर, मग तपासण्या. आतडं पार खराब झालं होतं. लोक समजूत घालतात, आधी कळून तरी काय झालं असतं? असेलही तसं. पण त्याचा पुरावा माझ्याकडं नाही, आणि त्या लोकांकडंही नाही.

पुण्यानुमोदनाला पूर्णेला गेले. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साड्यांतल्या बायका उठल्या, तेव्हा भावानं ती निळी वही माझ्या हातात दिली. "ऑफिसची असंल, तुमीच ठेवा." घरी येऊन उघडली. सगळी पानं जनुकांची. शेवटच्या पानावर मात्र, त्याच बारीक अक्षरात, एकच ओळ:

'पोटदुखी. पित्त. पुरावा: मंदाचा शब्द.'

शेजारी 'तपासलं' हा रकाना. मी वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. ताईंनी कोरा सोडलेला तो एकच आहे.