खंडेनवमीला पुजलेला सामुराई

खरा योद्धा रोज मरायला तयार असतो, असं म्हणतात. माझे वडील एका वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत लालबागच्या आमच्या खोलीत दुपारच्या जेवणानंतर रोज पाच-सहा वेळा मरत, आणि चार वाजता उठून संध्याकाळचे डबे पोचवायला जात.

डबे आईचे होते. गिरण्यांचा संप सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी तिने चार माणसांच्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि बघता बघता ती आमच्या घरातली एकमेव चालू गिरणी झाली. वडील विणकर. संप मागे घेतल्याचं त्यांना कुणी रीतसर कळवलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो चालूच होता. दहा-बारा वर्षं उलटली होती, गिरणीच्या आवारात पिंपळ उगवला होता, पण या मुद्द्यावर त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. आई तर नाहीच. ती फक्त डबे भरून उंबऱ्याशी ठेवायची.

मामा बोटीवर होता. एका खेपेला तो जपानमधून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला. सोबत वायरने जोडलेला बटणांचा कंट्रोलर, विजेचा दाब कमी करणारा विटेएवढा डबा आणि एकच कॅसेट. कॅसेटवर तलवार उगारलेला एक सामुराई होता, मागे लाल सूर्य, उडणारी पानं. चित्रकाराने जीव ओतला होता. गेम करणाऱ्यांनी चित्रकाराशी स्पर्धा करायचं टाळलं होतं.

आमच्या टीव्हीवर तो गेम कृष्णधवल दिसायचा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने दोन तास खटपट करून चित्र स्थिर केलं आणि "रंग जपानातच राहिले," असं सांगून तो निघून गेला. सामुराई अंगठा तुटलेली चप्पल ओढत चालावं तसा चालायचा. त्याला तलवार वर मारता यायची, मध्ये मारता यायची, अडवता यायची आणि कमरेतून वाकता यायचं. एवढंच. एकामागून एक सात शत्रू यायचे. सगळ्यांचा चेहरा एकच, फक्त टोप्या वाढत्या आकाराच्या. मागे तीच तीन झाडं. तलवार लागली तर शत्रू दोनदा लुकलुकून नाहीसा व्हायचा, आणि पुष्कळदा तलवार त्याच्या पोटातून आरपार जाऊनही त्याला काही व्हायचं नाही. सातवा शत्रू एका पुलावर उभा असायचा. त्याची टोपी पडद्याबाहेर जात होती.

प्रत्येक लढाईनंतर पडदा काळा व्हायचा आणि त्यावर जपानी अक्षरांच्या दोन-तीन ओळी उमटायच्या. इथे माझा संबंध आला. मी तेव्हा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, सकाळच्या पाळीत. दुपारी दोनला घरी. जपानविषयी मी वाचनालयातलं एक पुस्तक वाचलं होतं, ज्याची शेवटची तीस पानं कुणीतरी नेली होती. चाळीत एवढं पुरे होतं. वडिलांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय लिवलाहा?" आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "तलवार उपसण्याआधी मन म्यानात घाल."

याचा अर्थ मलाही कळला नव्हता. वडिलांनी मान डोलावली.

"आमच्या गेटावरच्या फळ्यार असाच काय काय लिवलेला असायचा," समोरच्या खोलीतले काका म्हणाले. "ताय कोणाक समजायचा नाय."

हे काका वडिलांचे गिरणीतले जोडीदार. दोघांचे माग शेजारी होते. संपाच्या तेराव्या महिन्यात काका कामावर परत गेले. त्यांना माग मिळाला नाही, फोल्डिंग खात्यात कापड तपासायला बसवलं, आणि पुढे गिरणीच बंद पडल्यावर तेही घरी आले. आता दोघं एकाच गॅलरीत एकाच बाकड्यावर बसत. मधल्या काळाविषयी बोलत नसत. बाकी सगळ्याविषयी भांडत.

तर त्या गेममध्ये वाकायचं बटण होतं. आपण मरायला टेकलो की ते दाबायचं. सामुराई कमरेतून वाकायचा, शत्रू तलवार खाली घ्यायचा, आणि तीच लढाई पुन्हा सुरू व्हायची. नाही वाकलं तर मरण, आणि मग पहिल्या, सगळ्यात लहान टोपीच्या शत्रूपासून पुन्हा सुरुवात. मी ते बटण सर्रास वापरायची. काकांनी तर तिसऱ्याच दिवशी पूल गाठला. त्यांची पद्धत सोपी होती. कोपऱ्यात बसायचं, मधला वार करत राहायचं, जमलं नाही की वाकायचं. पुलावर मात्र त्यांचं काही चालेना. सातवा शत्रू त्यांना दर वेळी चौथ्या वारात टेकीला आणी, काका वाकत, पुन्हा लढत, पुन्हा वाकत. कंटाळून त्यांनी नाद सोडला आणि ते खाटेवर बसून सल्ले द्यायला लागले.

वडील एकदाही वाकले नाहीत.

"मेल्या, वाक मरे एकदा," काका म्हणायचे. "कोण बघता?"

"मी बघतंय."

"इतको ताठो कित्याक? खेळ तो."

"खेळ असा तर मरूंदे माका. तुजा काय जाता?"

यावर आई पोळी लाटता लाटता त्या दोघांकडे न बघता म्हणायची, "चार वाजले."

न वाकता पूल ओलांडायचा, हे वडिलांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मजल्यावर सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. बाराव्या खोलीतल्या बाई नळावर मला विचारायच्या, "काल कितव्यापर्यंत गो?" मी सांगायची, "पाचव्या." त्या हळहळायच्या.

वडिलांनी हळूहळू त्यात एक रीत शोधली. ते शत्रूची तलवार बघत नसत, पाय बघत. "धोटो कसो येता? आधी आवाज, मगे धोटो. ह्येचो आधी पाय उचालता." मागावर धोटा डावीकडून उजवीकडे धावतो ते वीस वर्षं बघितलेल्या डोळ्यांना, खरं सांगायचं तर, तो गेम फारच हळू होता. गणपतीत ते पाचव्यापर्यंत पोचत होते, पितृपक्षात सहाव्यापर्यंत. वाढत्या टोप्यांबरोबर मला वचनंही वाढत्या गांभीर्याची रचावी लागत होती. "वाऱ्याला पाठ नसते" हे माझं त्यातल्या त्यात बरं वचन. काकांनी ते आपल्या जावयाला ऐकवलं.

खंडेनवमीच्या दिवशी, छापखान्याला सुट्टी म्हणून मीही घरी असताना, सकाळी अकराच्या सुमाराला, एकही वार न खाता, वडील पुलावर पोचले.

त्याच क्षणी आईने हाक मारली, "हत्यारं आणा."

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं पुजायची. गिरणी चालू होती तेव्हा वडील त्या दिवशी नवा सदरा घालून जात. सगळे माग पुसून, झेंडूने सजवून, पुजून बंद ठेवत आणि दसरा झाल्याशिवाय कुणी त्यांना हात लावत नसे. संपात काही वर्षं त्यांनी विणकराची छोटी कात्री घरी पाटावर ठेवून पाहिली. मग ती दुधाच्या पिशव्या कापायला गेली आणि पाटावर आईचं पोळपाट-लाटणं, विळी आणि स्टोव्ह एवढंच उरलं. वडील आरतीला टाळ्या वाजवत.

"तुमचं काही असेल तर तेही आणा," आई म्हणाली. ती टोमणा मारत होती की नव्हती हे मला आजही सांगता येणार नाही.

वडिलांनी हातातल्या कंट्रोलरकडे पाहिलं. मला म्हणाले, "थांबव." मी टीव्हीजवळच्या यंत्रावरचं खेळ थांबवायचं बटण दाबलं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला आमचा सामुराई, पलीकडच्या टोकाला टोपी. वडिलांनी कंट्रोलर देव्हाऱ्याकडे न्यायला घेतला तर वायर पुरेना. मग पाटच टीव्हीसमोर आणला. स्टोव्ह, विळी, पोळपाट, कंट्रोलर. आईने तिच्या हत्यारांना कुंकवाची नुसती बोटं टेकवली. वडिलांनी मात्र कुंकू तेलात कालवलं. मागाला असंच लावतात, घट्ट, म्हणजे झडत नाही. आणि हलणाऱ्या प्रत्येक भागाला लावतात. कंट्रोलरला हलणारे भाग म्हणजे बटणं. त्यांनी एकही बटण सोडलं नाही. टीव्हीला झेंडूचा हार घातला. सगळा कृष्णधवल प्रकार त्या कुंकवाने एकदम रंगीत दिसायला लागला.

आरती झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पुजलेल्या हत्याराला आता उद्यापर्यंत हात लावायचा नव्हता.

"टीव्ही तरी बंद करूया," मी म्हटलं. "नुसतं यंत्र चालू ठेवलं तरी चालतं."

"नको. माग मदीच थांबवून परत चालू केलो की कापडार आडवो पट्टो पडता." वडिलांनी विषय संपवला.

एवढंच नाही, मजल्यावरचा फ्यूज जाईल म्हणून आई खोलीखोलीत जाऊन सांगून आली की उद्यापर्यंत कुणी इस्त्री लावू नका. सणासुदीला पंधरा कुटुंबं चुरगळलेल्या कपड्यांत वावरली. कुणी तक्रार केली नाही. येणारे-जाणारे पाटाला नमस्कार करत, मग टीव्हीकडे बघत, आणि काही जण त्यालाही करत. आईची आवडती मालिका त्या दिवशी हुकली. तिने ते नंतर बरीच वर्षं ऐकवलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली तेव्हा दारात गर्दी होती. लोक सोनं वाटायला आले होते आणि आपट्याची पानं हातात धरून तिथेच थांबले होते. काका खाटेवर, पुढच्या जागी. वडिलांनी कंट्रोलरवरची फुलं काढली, अंगठ्याने कुंकू पुसलं, मांडी घातली.

"पाय बघ," काका म्हणाले.

"माका शिकव नको."

मी खेळ सुरू केला.

एकही वार होण्याआधीच आमचा सामुराई एक पाऊल पुढे टाकून कमरेतून वाकला.

तेलातलं कुंकू रात्रभरात घट्ट झालं होतं, पुसताना वाकायचं बटण आत गेलं होतं आणि आतच राहिलं होतं. वडील ते नखाने उपटायला लागले. सामुराई वाकलेलाच. पुलापलीकडच्या टोपीने तलवार खाली ठेवली, तीही वाकली, आणि पडदा काळा झाला.

"तो वाकलो," दारातून कुणीतरी म्हणालं.

"मी बटान दाबूक नाय," वडील म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "माज्या बोटान दाबूक नाय."

काका खाटेवरून उतरले. त्यांनी वडिलांच्या हातातून कंट्रोलर घेतला, उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर नेला. फोल्डिंग खात्यात ते असंच कापड धरत असणार. ठाणात खोट निघाली की ती मागाची की विणकराची, हे तिथे ठरायचं. काकांनी बटणाच्या कडेने नख फिरवलं, नखाला लागलेलं कुंकू सगळ्यांना दाखवलं, आणि वडिलांना नव्हे, दारातल्या गर्दीला सांगितलं,

"मशिनीचो दोष. माणसाक लागू नाय."

वडिलांनी कंट्रोलर परत घेतला. मग खिशातून आपट्याचं पान काढून काकांच्या हातावर ठेवलं. दोघंही उभे राहिले, आणि अशा वेळी काय करायचं असतं ते न सुचून काका म्हणाले, "चाय टाक गो."

पडद्यावर तोवर अक्षरं उमटली होती. या वेळी जास्त होती, मोठी होती, आणि जात नव्हती.

"काय लिवलाहा?" वडिलांनी मला विचारलं.

सगळ्या मजल्यासमोर मला इतक्या लवकर काही सुचणं कठीण होतं. मी म्हटलं, "ज्याची मान वाकली पण मन वाकलं नाही, त्याला पूल मोकळा आहे."

दारात कुणीतरी "वा!" म्हटलं. वडिलांनी मला ती अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्यायला लावली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी ती पेन्सिलीने काढली, एकेक रेघ मोजून. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला न कळणारा मजकूर अचूक उतरवायची सवय असते. मग वडिलांनी गेम बंद केला, वायर गुंडाळली आणि सगळं खोक्यात भरलं.

"जिंकलंय म्हणान सांगू नको," ते मला म्हणाले. "वाकलंय म्हणानय सांगू नको."

तो कागद त्यांनी दादरहून फ्रेम करून आणला आणि देवांच्या शेजारी लावला. गेम पुन्हा कधी बाहेर निघाला नाही. पुढच्या खंडेनवमीला तो खोक्यासकट पाटावर आला. या वेळी कुंकू कोरडं होतं, आणि ते काकांनी लावलं.

पुष्कळ वर्षांनी आमच्या छापखान्यात जपानी शिकवणाऱ्या एक बाई आपलं पाठ्यपुस्तक छापायला घेऊन आल्या. मुद्रितांच्या निमित्ताने ओळख वाढली आणि एकदा मी त्यांना जेवायला घरी आणलं. हात धुवून येताना त्या फ्रेमपाशी थांबल्या. अक्षर चांगलं आहे, म्हणाल्या, कुणी काढलं? वडील ताटावर बसले होते. त्यांनी मान वर केली. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, वर्गात वाचतात तसं वाचलं आणि अर्थही सांगितला:

"गुरूंना नमस्कार केल्याबद्दल आभार. सराव संपला. खेळ सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा."