आबांचं घोरणं आणि ईशानचा फेटा

प्रिय सई आणि ईशान,

"आप मत बताइए, माताजी. इन्हीं को बोलने दीजिए," डॉक्टर मला म्हणाले. त्यांनी आबांना सकाळी काय खाल्लं एवढंच विचारलं होतं आणि सवयीने उत्तर मी दिलं होतं. आबा माझ्याकडे बघत राहिले. पोहे त्यांना आठवले नाहीत.

मग डॉक्टरांनी स्लीप स्टडीचा रिपोर्ट समोर ठेवला. या तपासणीत अंगाला तारा लावून झोपेतला श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतात. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. दिवसभरात घडलेलं मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. आबांना तशी सलग झोप मिळतच नव्हती.

आपल्या घरात घोरण्याचं भारी कौतुक. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले, म्हणून "शिपाईगड्याने असंच घोरावं!" असं आबा मांडीवर थाप मारून म्हणायचे. मी म्हणायची, "अहो, किल्ल्यावरची तोफ घरात कशाला आणलीत?" सगळे हसायचे. घोरता घोरता मधेच शांतता पडे. मला वाटे, थांबले एकदाचे. ती शांतता म्हणजे थांबलेला श्वास होता.

दिवसा ते एखादं नाव विसरले की मी हळूच पुरवायची. एकदा सराफा बाजारातून घरी येताना वाट चुकले, तर आम्ही म्हटलं, वय झालं.

आता ते सीपॅप लावून झोपतात. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र. आधी फार चिडले. "हत्तीची सोंड लावून कोण झोपतं गं?" हळूहळू रुळले. हल्ली सकाळी वाचलेली बातमी संध्याकाळी मलाच सांगतात.

गेलेलं परत येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आगे का काफी सँभल सकता है. जो दर्ज ही नहीं हुआ, वो शायद न लौटे." म्हणजे मेंदूत ज्याची नोंदच झाली नाही, ते बहुधा परत यायचं नाही.

ईशान, काल व्हिडिओवर तू फेटा बांधून दाखवलास, तेव्हा आबा म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! कोणी शिकवलं?" तुझा चेहरा उतरला. मागच्या दिवाळीत नया बाजारातून कापड आणून त्यांनीच तुला शिकवला होता. फेटा बांधणं तरुणपणापासूनचं, ते त्यांच्या हातात पक्कं आहे. तुला शिकवलेली ती दुपार मात्र त्यांच्यापाशी नाही. आधीच डॉक्टरकडे गेलो असतो तर ती राहिली असती का, कोण जाणे. ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

तुमचे बाबाही घोरतात. हसायचं तर हसा, पण त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.

आणि ईशान, रविवारी फोन करशील तेव्हा ती दुपार आबांना पहिल्यापासून सांग. फेटा किती वेळा सुटला, ते कसे हसले, सगळं. मी मधे बोलणार नाही. आता तू सांगितलेलं त्यांच्याजवळ राहील.

तुमची आजी