पडदे धुवायला दिले तो आठवडा

मावशी, म्हणजे सगळ्यांचीच मावशी, नाट्यगृहात ध्वनिव्यवस्था बघायची. एकोणतीस वर्षं. त्याआधी ती दारावर तिकिटं फाडायची. मोकळ्या वेळात जुन्या साउंडवाल्याच्या मागे उभी राहून शिकली. तो निवृत्त झाला तेव्हा आवाज कमीजास्त करायच्या खुंट्यांचं टेबल तिच्या हवाली करताना म्हणाला, "खुंट्या कमी पिळ, कान जास्त लाव." तेवढ्या एका सल्ल्यावर तिने पुढची सगळी नोकरी केली.

मी साहित्यात एम. ए. केलं आणि त्याच नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसले. दुसरं काही मिळालं नाही. मावशीत आणि माझ्यात तीस वर्षांचं अंतर. आमची मैत्री झाली ती गायकामुळे.

आम्ही त्याला नुसतं 'गायक' म्हणायचो, जगात दुसरा कुणी नसल्यासारखं. साठी उलटलेला, उंच, जरासा वाकलेला. गाणी स्वतः लिहायचा. चाली बायका दळता-कांडताना म्हणतील तशा साध्या. हातात जुनी गिटार. वर्षातून एकदा यायचा. तो येऊन गेला की त्याचे चाहते दर शनिवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जमायचे आणि तो पुन्हा येईपर्यंत त्याच एका कार्यक्रमाचा कीस पाडायचे.

दुकानात तीन बाजूंना आरसे होते. त्यामुळे सात माणसं भांडायला लागली की वीस माणसं भांडतायत असं वाटायचं. डोळे तपासायच्या खुर्चीवर मास्तर बसायचे. गणिताचे, निवृत्त. ती खुर्ची गोल फिरायची. चिडले की मास्तर पाठ फिरवून बसायचे.

"सूर बघा हो त्याचा," मास्तर म्हणायचे. "राजकारण काय, कुणीही बोलतं. माझा मेहुणाही बोलतो."

"तुमचा मेहुणा निवडून यायला बोलतो," चष्मेवाला म्हणायचा. "तुम्हाला गाणं हवं, मास्तर. गाण्यातली माणसं नकोत."

"मला भाषण नको. भाषण ऐकायचं तर सभेला जाईन. तिथे निदान खुर्चीला तिकीट नसतं."

"मावशी, तुम्ही सांगा."

मावशी कोपऱ्यात चहा पीत असायची. "माझं एकच म्हणणं आहे," ती सांगायची. "शेवटच्या रांगेत शब्द कळला पाहिजे. बाकी तुम्ही भांडा."

हे चाहते शेवटच्या रांगेतच बसायचे. ही त्यांची रीत होती, आणि ती मावशीने लावली होती. फार पूर्वी चष्मेवाल्याने तिला विचारलं होतं, सगळ्यात चांगली जागा कुठली? ती म्हणाली, माझ्या टेबलापुढची, बाविसावी रांग. तिथे पोचलं तर पोचलं. तेव्हापासून ही मंडळी पहाटे खिडकीवर रांग लावून सगळ्यात मागची तिकिटं घ्यायची. पुढच्या रांगांसाठी आलेले लोक त्यांच्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायचे.

सगळ्यात जास्त भांडण पुलाच्या गाण्यावर व्हायचं. बांधता बांधता पूल कोसळला होता. चौदा माणसं खाली गेली. चौकशी झाली, अहवाल कपाटात गेला, ठेकेदाराला पुढचा पूल मिळाला. गाण्यात कुणावर आरोप नव्हता. चौदा कडवी होती, एकेका माणसावर एकेक. एक सळ्या वाकवायचा. एकाला उंचीची भीती वाटायची आणि तो कुणाला सांगत नव्हता. चौदावी पाणी पाजणारी बाई. ते कडवं गायक जवळजवळ कुजबुजत म्हणायचा:

*तिच्या घागरीत होतं अजून निम्मं पाणी,*
*उरलेल्यांची तहान आता विचारणार कोणी?*

हे गाणं सुरू झालं की मास्तर उठून बाहेर पाय मोकळे करायला जायचे. दर वर्षी. परत आल्यावर विचारायचे, "झालं का बुडवून सगळ्यांना?"

या वर्षी निवडणूक तोंडावर होती. गायकाने एका मुलाखतीत सांगितलं, पुलाची चौकशी पुन्हा व्हायला हवी. आठवड्याभरात आमच्या व्यवस्थापकांना वरून फोन आला. त्यांनी मावशीला बोलावलं. मी तेव्हा विक्रीचा कागद द्यायला आत गेले होते.

"ते पुलाचं गाणं," व्यवस्थापक म्हणाले. "त्याने सुरू केलं की माइक बंद."

"लेखी द्या," मावशी म्हणाली.

"अहो, एवढंसं तर काम..."

"एवढंसंच लिहा."

त्यांनी लिहिलं. गाणं सुरू होताच ध्वनियंत्रणा बंद करावी. सही, शिक्का. मावशीने कागदाची नीट घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही दिसलं नाही.

शनिवारी ही बातमी दुकानात पोचली आणि स्फोट झाला.

"तुम्ही नाही म्हणालात ना?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही कशाला म्हणू? मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला बसवतील टेबलावर. तो तर सबंध कार्यक्रमाची वाट लावेल."

"म्हणजे तुम्ही माइक बंद करणार."

"करणार."

"पुलाच्या गाण्याला."

"हो रे बाबा. कितीदा विचारशील?"

मग मास्तरांनी खुर्ची फिरवली. पाठ नाही, तोंड केलं तिच्याकडे. "मला ते गाणं आवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी उठून जाणं वेगळं आणि त्याचा आवाज बंद करणं वेगळं. हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं, बाई."

मास्तरांनी तिला मावशी म्हटलं नाही. ते तिला लागलं असावं. तिने कप खाली ठेवला. "शब्द पोचला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे," ती म्हणाली. "आजही तेच आहे." आणि गेली.

ती गेल्यावर चष्मेवाल्याने बेत आखला. माइक बंद झाला की सगळ्यांनी उभं राहायचं, टाळ्या, घोषणा, छप्पर उडालं पाहिजे. इतर रांगांतल्या ओळखीच्यांनाही सांगून ठेवायचं. "गायकाला कळू दे, आपण त्याच्या बाजूला आहोत." सगळ्यांनी होकार भरला. मीही भरला.

मावशीला मी हे सांगितलं नाही. मला तिचा राग आला होता. पदवीच्या वर्षी मी गायकावर चाळीस पानी निबंध लिहिला होता. त्यात 'प्रतिकार' हा शब्द साठ वेळा आला होता. हिला एक खुंटी न पिळण्याचं धाडस होत नाही, असं माझ्या मनात होतं.

सोमवारी मावशीने प्रेक्षागृहातले बाजूचे पडदे काढायला लावले. जाड, मखमली, छतापासून जमिनीपर्यंत. "केवढी धूळ," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "कार्यक्रमाला पाहुणे येतील. धुवायला देते." ते खूश झाले. मंगळवारी मधल्या वाटांवरचा गालिचा गुंडाळला गेला. बुधवारी तिने तळघरातून एका जुन्या नाटकातली लाकडी भिंत वर आणवली, पुसली आणि रंगमंचावर मागे उभी केली. "शोभेला," ती म्हणाली. व्यवस्थापक मला म्हणाले, "बघा, शिका काहीतरी. याला म्हणतात नोकरीवर प्रेम."

मी मान हलवली. मला ती लाचारी वाटली.

रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम. गायक सकाळीच आला. मावशी आणि तो तासभर आत होते. मी खिडकीत होते. जेवणाच्या सुट्टीत आत डोकावले तेव्हा रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला खडूची फुली दिसली.

"हे काय?"

"उभं राहायची जागा," मावशी म्हणाली.

"एवढी पुढे? माइक तर मागे आहे."

"जेवलीस का तू?" तिने विचारलं.

चार वाजता नाट्यगृह भरलं. बाविसाव्या रांगेत चष्मेवाला, मास्तर, बाकीचे. कुणी मागे वळून मावशीकडे बघितलं नाही. कुणी तिला नमस्कार केला नाही. व्यवस्थापक तिच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. खिडकी बंद करून मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले.

पाच गाणी झाली. मग गायक म्हणाला, "आता पुलाचं गाणं." मास्तर उठले नाहीत. त्याने गिटारची पहिली तार छेडली आणि मावशीने मुख्य खुंटी शून्यावर आणली. सावकाश, व्यवस्थापकांना दिसेल अशी. मग तिने हात मागे नेला आणि भिंतीवरची दुसरी बटणं दाबली. एक, दोन, तीन, चार.

पंखे थांबले.

त्या नाट्यगृहात मी दोन वर्षं होते. पंखे आवाज करतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

गायक माइक सोडून पुढे आला. खडूच्या फुलीवर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, आणि चष्मेवाला उठला.

"बंद केला! बघा, बंद केला!" तो ओरडला. टाळ्या सुरू झाल्या. मधल्या रांगांतून घोषणा आली, मग दुसरी. गायकाचे ओठ हलत होते. काही ऐकू येत नव्हतं. ज्यांना ते गाणं जिवापाड हवं होतं, त्यांनीच ते बुडवलं होतं.

तेव्हा मला आवाज पिणारे पडदे कळले. गालिचा कळला. आवाज पुढे फेकणारी लाकडी भिंत कळली. सगळं एकदम, एखादी लाट अंगावर यावी तसं.

मावशी उठली. चालू कार्यक्रमात ती टेबलावरून कधी उठली नव्हती. ती बाविसाव्या रांगेत शिरली, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, आणि तिने चष्मेवाल्याच्या छातीवर तळहात ठेवला.

"खाली बस."

"मावशी, तुम्ही..."

"तुझं तोंड बंद कर, म्हणजे त्याचं ऐकू येईल. बस!"

तो बसला. काय बघितलं त्याने तिच्या तोंडावर कोण जाणे, पण बसला. मास्तर मात्र उभे राहिले. मधल्या रांगांकडे बघत त्यांनी हात वर केला, आणि चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला. "शांत! एकही आवाज नको मला!" अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं होतं. घोषणा विरल्या. एक माणूस तर चक्क "सॉरी सर" म्हणाला.

गायक थांबला होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आवाज आला. मोठा नव्हता. उघड्या भिंतींवरून, लाकडावरून, उघड्या फरशीवरून तो सरळ चालत बाविसाव्या रांगेपर्यंत आला. सळ्या वाकवणारा आला. उंचीला घाबरणारा आला. लोक इतके स्तब्ध होते की कुणी पाय हलवला तर खुर्ची कुरकुरल्याचं कळत होतं. व्यवस्थापकांनी एकदा माइकच्या खुंटीकडे बघितलं. ती शून्यावर होती.

चौदाव्या कडव्याला मावशीने डोळे मिटले. मला तिची भीती समजली. हे कडवं तो कुजबुजतो. एवढं सगळं करून हेच पोचलं नाही तर? ती वाटेत उभी होती, मूठ आवळून. गायकाने आवाज चढवला नाही. त्याने तो खाली आणला, नेहमीसारखा. निम्मं पाणी. घागर. प्रत्येक अक्षर.

मास्तर चष्मा काढून पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "हे काय झालं?"

मावशीने पर्समधून कागद काढला, घडी उलगडली. "यंत्रणा बंद करावी म्हणालात. बंद केली. एकही खुंटी चालू असेल तर सांगा."

"आणि पंखे?"

"ते तुम्ही लिहायला विसरलात."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पडदे कधी येतायत?"

"उद्या."

चष्मेवाला वाटेत थांबला होता. "आधी सांगायचं ना, मावशी," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर चष्म्यासोबत फुकट वाटलं असतंस तू."

निबंधाची चाळीस पानं मला आठवत होती. त्यात कुठेही पडदा नव्हता, पंखा नव्हता.

सोमवारी पडदे आले. शिडीवर चढून मी ते टांगायला मदत केली. खालून मावशी म्हणाली, "त्याचे अजून सात कार्यक्रम आहेत, सात गावांत. सगळीकडे हाच कागद गेलाय म्हणे."

"मग?"

"मग काय. माझी रजा साठलीय भरपूर. नोकरीची दोन वर्षं उरलीत. साठवून काय लोणचं घालायचंय?"

"तिथले साउंडवाले ऐकतील तुमचं?"

"दोघं जुन्या ओळखीचे आहेत. बाकीच्यांशी बोलेन. ऐकतील किंवा नाही ऐकणार. जायला तर हवं." तिने माझी शिडी नीट धरली. "मास्तर येतायत. लोकांना गप्प बसवायला. तुला खिडकीतून सुट्टी मिळते का बघ."

व्यवस्थापकांनी तिच्या रजेच्या अर्जावर सही केली. मला वाटतं, आनंदाने केली.

बुधवारी आम्ही पहिल्या गावी पोचलो. नाट्यगृह आमच्यापेक्षा मोठं, छत उंच. तिथला साउंडवाला तरुण होता, हाताची घडी घालून उभा. मास्तर शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मावशीने पिशवी खाली ठेवली, रंगमंचाच्या कडेला जाऊन एकदा टाळी वाजवली. मान तिरकी करून ती संपेपर्यंत ऐकली.

"मास्तर, आली का?"

"अर्धी," मागून आवाज आला.

मावशीने खिशातून खडू काढला आणि त्या तरुणाकडे वळली.

"शिडी आहे का रे इथे?"