गादीवर बसण्याबाबत

माझी भाची लातूरला राहते आणि चित्रपट करते. तिच्या ताज्या चित्रपटातल्या एका दृश्याची सध्या वर्तमानपत्रांतून जी तारीफ चालली आहे, ती वस्तुस्थितीला धरून नाही. संपादकांना तसे कळवले, पण एकही पत्र छापले गेले नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

चित्रपट एका जुन्या, गाजलेल्या परदेशी नाटकावर आधारलेला आहे. सरदाराची मुलगी आणि घरचा नोकर एका रात्रीत एकमेकांच्या इतके जवळ येतात की सकाळी दोघांनाही आपापल्या जागी परतता येत नाही. तरुणपणी मी त्याचा मराठी प्रयोग लातूरला पाहिला होता. भाचीने सरदाराचा जमीनदार केला, नोकराचा सालगडी केला आणि चित्रीकरणासाठी लोहा तालुक्यातले माझ्या शाळासोबत्याचे घर ठरवले. मध्यस्थ मी होतो. करारनामाही मीच लिहिला, कारण सारी नोकरी कोर्टात झालेल्या माणसाला तोंडी व्यवहार सहन होत नाहीत. घर, बैठक आणि बैठकीतले गादी-लोडांसह सर्व सामान चित्रीकरणासाठी विनाअडथळा वापरता येईल, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. सोबत्याने वाचून सही केली.

सगळा चित्रपट ज्या दृश्यावर उभा आहे ते गादीवरचे. मालकाची मुलगी वडिलांच्या गादीवर बसते आणि सालगड्याला म्हणते, बैस माझ्या शेजारी. ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. संध्याकाळी भाड्याचा कॅमेरा लातूरला परत द्यायचा होता.

आमच्याकडे पाहुण्याला पाणी देताना गाव विचारतात आणि चहा देण्याआधी घराणे. सोबत्याने त्या सकाळी नटनट्यांची अशी विचारपूस केली. सालगड्याचे काम करणारा मुलगा भोकरकडचा, घरी भरपूर बागाईत, आणि दूरवरून सोबत्याच्या जावयाच्या नात्यात निघाला. त्याला फाटक्या धोतरासकट गादीवर बसवून कपबशीत चहा देण्यात आला. मालकाच्या मुलीचे काम करणारी मुलगी देगलूरची. घराणे जुने, मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या शिलाईचे काम करणारे. इरकल नेसून, अंगावर खोटे पण भरपूर दागिने घालून ती दाराशी उभी होती. तिला कागदी पेल्यात चहा आला.

दिवे लागले. भाचीने मुलीला गादीकडे जायला सांगितले तेव्हा सोबती मध्ये आला. खाली सतरंजी टाकून देतो म्हणाला. खुर्ची देतो म्हणाला. भाचीने त्याला समजावले की ही मालकाची मुलगी आहे, ती गादीवरच बसेल. तो म्हणाला, सिनेमात असेल.

मी खिशातून करारनामा काढला आणि संबंधित कलम मोठ्याने वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

"गादी वापरा म्हणून सही केली, हाव. पण तिच्यावर कोण बसणार हे कुठं लिव्हलंय त्यात?"

"कोणीही बसेल. लिहायची गरजच नाही."

"मग न लिव्हलेलं माझ्यावर कशाला लादून राहिलास? तूच कोर्टातला माणूस."

कोर्टात मी एकाहून एक वाईट युक्तिवाद ऐकले, पण त्यांतला एकही पन्नास वर्षे जुन्या मित्राने केलेला नव्हता. मी त्याला तिथल्या तिथे सांगितले की हा करारभंग आहे, त्याहून गंभीर म्हणजे ही त्या मुलीची मानहानी आहे, आणि मी त्याला लेखी नोटीस देणार आहे. दे की खुशाल, म्हणाला. माझ्या कागदावर, माझ्याच पेनने मी ती ओसरीवर बसून लिहायला घेतली. एव्हाना दुपार कलली होती. भाची मला म्हणाली की मामा, नोटिशीने ऊन थांबणार नाही.

सालगडी झालेला मुलगा गादीवरून उठला आणि आपणही बसणार नाही म्हणाला. मग दृश्यच उरत नाही, असे भाचीने सांगितले. शेवटी देगलूरची मुलगीच बोलली.

"ताई, हा बसू दे. मी उभी राहून करते."

मी तिला बजावले की एकदा सोडलेला हक्क पुन्हा मागता येत नाही.

"काका, हक्काचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझा सीन जाऊन राहिलाय."

तिने दृश्य उभ्याने केले. बैस, एवढेच म्हणाली. शेजारी हा शब्द तिने गाळला. तो बसला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. दारातून सोबतीही बघत होता. एका दमात चित्रण झाले आणि दिवे विझले. मी नोटीस रजिस्टर्ड टपालाने पाठवली. तिची पोच आली, उत्तर आले नाही.

आता जे छापून येते ते असे, की मालकीण पूर्ण चित्रपटात गादीला एकदाही शिवत नाही, हा दिग्दर्शिकेचा अपूर्व विचार आहे. नोकर बसलेला, मालकीण उभी. वर्ग आणि वासना यांची ही उलथापालथ म्हणे मूळ नाटककारालाही सुचली नसती. भाचीने मुलाखतींत खरे सांगून पाहिले. ते तिचा विनय म्हणून छापले गेले.

नांदेडला चित्रपट दाखवला तेव्हा शेवटी प्रश्नोत्तरे झाली. एका प्राध्यापकांनी मुलीला विचारले की तिथे न बसण्यामागे तिची भूमिका काय होती.

"बसू दिलं नव्हतं मला," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. लोकांना ते पात्राचे उत्तर वाटले. मी उभा राहून सांगितले की हे अक्षरशः खरे आहे, मी साक्षीदार आहे आणि घरमालक सभागृहात हजर आहेत. पुन्हा टाळ्या पडल्या. घरमालक हजर आहेत एवढेच संयोजकांनी माझ्या बोलण्यातून उचलले. त्याला हाताला धरून मंचावर नेण्यात आले, शाल घालण्यात आली, नारळ देण्यात आला. मंचावर एकच खुर्ची रिकामी होती, त्या मुलीच्या शेजारची. शाल-नारळ सांभाळत सोबती खुर्चीपाशी थांबला. शेकडो लोक बघत होते.

मुलीने खुर्चीवर पसरलेली आपली ओढणी आवरली.

"बसा, काका," ती म्हणाली.

तो बसला. अगदी काठावर, पण बसला.