पुसलेली ओळ

माणसाच्या विसरभोळेपणावर माझ्या टेबलशेजाऱ्याइतका गाढ विश्वास असलेला दुसरा मनुष्य चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत सापडायचा नाही. कारखान्याच्या संगणक विभागात आम्ही शेजारीशेजारी बसायचो. त्याच्या प्रत्येक वस्तूची सूचना त्या वस्तूवरच लिहिलेली असे. मोटारसायकलच्या टाकीवर 'आधी चोक, मग किक, शिवी शेवटी'. छत्रीवर 'झटकून मिटावी'. डब्यावर बायकोसाठी 'मीठ पाहिलं का?' तिनं त्याखाली 'पाहिलं. मुकाट्यानं जेवा' असं लिहून पाठवलेलं मी स्वतः वाचलं आहे.

प्रोग्रॅमचंही तेच. आमच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचे एसक्यूएल हुकूम पेरलेले असत. ते कंपाइल करताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवताना, काही पर्याय ठरवावे लागत. बाकीचे आम्ही ते दर वेळी पडद्यावर भरायचो. हा मात्र प्रोग्रॅमच्या मजकुरातच, अगदी आरंभी, 'सेट ऑप्शन' म्हणून लिहून ठेवी.

"काऊन जी, मशीनले पण चिठ्ठी?" मी चिडवायचो.

"मशीन नाई विसरत, भाऊ. तुमी विसरता."

कामगारांच्या पाळ्या बदलणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला; त्यातली त्याची ओळ सांगे: बदल झाला तर पुरा, नाहीतर मुळीच नाही. तो रजेवर असताना मी ती ओळ पसारा समजून पुसली आणि कंपाइल करताना पडद्यावर नेमका तोच पर्याय चुकीचा भरला. प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला. जुन्या पाळीतली नावं निघाली, नव्या पाळीत चढलीच नाहीत. सकाळी अख्खी पाळी फाटकाबाहेर अडली; दगड उचलले गेले.

चौकशीला आम्हा दोघांना बोलावलं. "इथं ओळ का नाही?" साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, "मी लिवली होती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"विसरला असेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. आठवड्याभरात त्याची जंगलातल्या डेपोवर बदली झाली. तिथं संगणकच नव्हता.

मागच्या महिन्यात मार्कंड्याजवळच्या त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मले काय सांगून राह्यले, भाऊ? मले तवाच समजलं होतं. माह्या पोरीले सांगा. तीबी कंप्युटरमधीच आहे. तिले वाटते, बाप धांदरट होता."

तर बाई, हे तुमच्यासाठीच लिहितोय: तुमच्या वडिलांनी ती ओळ लिहिली होती. मी पुसली. आणि खोटं बोललो.

निघताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्यानं आपल्याच हातात घेतली होती. बस येईपर्यंत ती त्यानं परत दिली नाही.