न समजणारीची चटई

आमच्या शाळेची भिंत बांबूची, आणि माझी चूल त्या भिंतीला लागून. त्यामुळं पलीकडच्या वर्गात जे काही घोकलं जायचं ते माझ्या भाताबरोबर शिजायचं. चार वर्षं मी इथं स्वयंपाक करते. इंग्रजीचं एक अक्षर मला वाचता येत नाही. पण त्या वर्षी सायामा ओन चीनं शिकवलेली कुंभाराची गोष्ट मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोंडपाठ होती, खालच्या दहा प्रश्नांच्या उत्तरांसकट.

सायामा म्हणजे मास्तरीणबाई. नदीपलीकडं, आमच्या बर्मी मुलखात, बागोच्या सरकारी शाळेत तिनं बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लष्करानं राज्य घेतलं तेव्हा मास्तर लोक संपावर गेले, त्यात हीपण गेली. नोकरी सुटली, पकडवॉरंट निघालं, घराला सील लागलं. पन्नाशीची बाई, ट्रकच्या ट्यूबवर बसून नदी उतरली आणि थाई हद्दीतल्या मे सोटच्या बाहेर, मक्याच्या रानातल्या आमच्या या शाळेत येऊन थडकली. पिशवीत दोन लुंग्या, एक चष्मा आणि घराच्या कुलपाची किल्ली. एवढाच संसार.

मोठ्या वर्गात सहा पोरं. त्यांच्यापुढं एकच परीक्षा, इंग्रजीतली. ती पास झाली तर थाई मुलखातलं कॉलेज घेतं, नाहीतर नाही. आमच्या पोरांकडं ना इकडचं ओळखीचं कार्ड ना तिकडचं. त्यांना दुसरं दारच नाही. परीक्षेत न वाचलेला, कधी न पाहिलेला उतारा येतो आणि त्यावर प्रश्न. फीचा खर्च कुणा परदेशी माणसानं उचललेला, तोही एकदाच.

त्या सहांत सू लाट होती. सतरा वर्षांची, वाळक्या काडीसारखी, गालांवर तनाखाच्या उगाळलेल्या सालीचे दोन गोल लेप. बाप तिन शेन मक्याच्या रानात रोजानं जायचा. त्यानं सायामाला तोंडावर सांगितलं होतं, "पास झाली तर शिकंल. नापास झाली तर ती पोरी कामाला धाडणारी चो चो बाई तिला मलेशियाला घिऊन जाणार. घरकामाला. बाईला मी शब्द दिलाय, सायामा. मला उगा मधी अडकवू नका."

परीक्षेला सात आठवडे होते.

एका सकाळी मी मासळीचा ठेचा कुटत होते. हात चालला की माझं तोंडही चालतं. वन डे ॲन ओल्ड पॉटर, असं मी आपली कुंभाराची गोष्ट म्हणत होते. सायामा गरम पाण्याला आली आणि दारातच खिळली.

"मा थान, तुला इंग्रजी येतं?"

"मला? सायामा, बर्मीत सही करायची तर माझ्या कपाळाला घाम फुटतो."

"मग सांग बघू, कुंभारानं मडकं का फोडलं?"

मी सहाव्या प्रश्नाचं उत्तर म्हटलं. इंग्रजीत, पोरांच्याच हेलात, शेवटचा शब्द लांबवून.

"आणि याचा अर्थ?"

"मला काय ठावं? फोडलं असंल. प्याला असंल दारू."

मला वाटलं, बाई हसेल. ती हसली नाही. पाणी न घेताच वर्गात गेली. भिंतीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. तिनं सू लाटला उभं केलं आणि तोच प्रश्न विचारला. सू लाटनं हाताची घडी घातली, मान खाली घातली आणि सहावं उत्तर म्हटलं. माझ्यासारखंच. शेवटचा शब्द लांबवून.

"आता आपल्या भाषेत सांग."

सू लाटनं तेच उत्तर पुन्हा इंग्रजीत म्हटलं.

"गोष्ट समजलीय ना?"

"समजली, सायामा!" साऱ्या वर्गानं एका सुरात सांगितलं.

आमच्याकडं असंच आहे. गुरूला आम्ही बुद्धाच्या ओळीत बसवतो. त्याला 'समजलं नाही' म्हणणं म्हणजे तुम्हाला शिकवता आलं नाही असं तोंडावर सांगणं. कुणाचं पोर असलं करेल? त्यापेक्षा पाठ करावं, गुरूलाही बरं वाटतं.

दुपारी सायामा माझ्या चुलीपुढं येऊन बसली. भात पुढं केला तर हातही लावला नाही.

"बावीस वर्षं, मा थान. तिकडं माझी पोरं जिल्ह्यात पहिली यायची. त्यांना तरी समजत होतं का गं? का मी बावीस वर्षं पोपट सोडत होते?"

मी म्हटलं, "जेवा."

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्यापासून तू वर्गात बसायचं. सगळ्यांच्या पुढं."

"आणि चूल?"

"एक तास. तू विद्यार्थिनी नाहीस. तुला लाज नाही."

"हे कौतुक समजू का शिवी?"

"जिथं समजणार नाही तिथं म्हणायचं, समजलं नाही. एवढंच काम. तुला समजल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

तर अशी माझी चटई वर्गात सर्वांत पुढं पडली. सायामानं जुनी पुस्तकं मिटली. रोज एक गोष्ट ती स्वतः लिहायची, पाठकोऱ्या कागदावर, पानभर. मक्याच्या गोदामातल्या मांजरीची, बाजारात छत्री विसरलेल्या भिक्षूची, लेकाचा फोन आला की मुद्दाम खोकणाऱ्या म्हातारीची. एक पोर एक वाक्य वाचायचं, आमच्या भाषेत मला सांगायचं. मी म्हणायचे, समजलं नाही.

पहिले चार दिवस पोरांची हसून पोटं दुखली. पाचव्या दिवशी चिडली. मिन खांट म्हणून एक उंच पोरगा होता, तो म्हणाला, "मावशी, तुमच्या डोक्यात मेंदू आहे का मासळीचा ठेचा?"

"ठेचाच हाय. आता सांग, म्हातारी खोकते कशाला? आजारी हाय का?"

"नाही हो! नाटक करते!"

"कुठं लिवलंय, नाटक करते म्हणून?"

मिन खांटनं कागद वरखाली केला. "लिहिलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर ती पान खाते आणि शेजारणीशी भांडते. आजारी माणूस असं करेल का?"

सायामा फळ्याकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलले. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मग ती क्रियापदांखाली लाल रेघा मारायला लावायची. कालची गोष्ट उद्याची करून सांगा, म्हणायची. आमच्या बोलण्यात क्रियापद आहे तसंच राहतं, शेवटी एक शेपूट बदललं की काम भागतं. इंग्रजीत म्हणे अख्खा शब्दच कधीकधी कात टाकतो. पोरं तिथं नेहमी घसरायची.

एकदा तिनं किल्लीची गोष्ट आणली. एक बाई घराला कुलूप लावते, किल्ली घेते, नदी ओलांडते. इकडं पोटापुरतं काम करते. रोज किल्लीला तेल लावते. बस, एवढीच गोष्ट. कुणाची ते आम्हाला सांगायला नको होतं.

सू लाट वाचत होती. मी विचारलं, "समजलं न्हाई. परत जायचं न्हाई तर किल्लीला त्याल कशाला?"

सू लाटनं सारी गोष्ट पुन्हा नजरेखालून घातली. मग हाताची घडी सोडून म्हणाली, "मावशी, परत जायचं नाही असं गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाही. ते तुम्ही म्हणताय."

सायामा म्हणाली, "आता हीच गोष्ट उद्याची करून सांग."

सू लाटनं इंग्रजीत सांगितली. शेवटी एक वाक्य तिनं पदरचं घातलं. मिन खांटनं माझ्या कानात सांगितलं, "ती दार उघडेल, म्हणाली."

त्या दिवशी सायामा पोटभर जेवली. मला वाटलं, सुटली पोरगी.

परीक्षा मोठ्या शहरात, संगणकावर. प्रवासाच्या परवानगीची पत्रं छातीशी धरून सहाही पोरं पिकअपमधून गेली, सायामा सोबत. चौथ्या दिवशी मार्क आले. चार पास. मिन खांट पास. सू लाट तीन मार्कांनी नापास.

सायामानं पुन्हापुन्हा खोदून विचारलं तेव्हा कळलं. सू लाटनं जेवढे प्रश्न सोडवले होते ते जवळजवळ सगळे बरोबर होते. पण प्रत्येक उताऱ्यापाशी ती थांबत गेली, पूर्ण समजेपर्यंत पुढं गेली नाही. शेवटचे सात प्रश्न तिनं पाहिलेच नाहीत. वेळ संपली.

"मी शिकवलं तिला थांबायला," सायामा म्हणाली. "समजल्याशिवाय उठायचं नाही, हा माझाच नियम. घड्याळ शिकवायचं राहिलं. पोपट ठेवली असती तर निदान सगळ्या प्रश्नांवर बोट तरी दाबून आली असती. तीन मार्क, मा थान. मी घालवले."

तिनं माझी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

पुढच्या आठवड्यात तिन शेन लेकीला घेऊन शाळेत आला. परगावी निघताना गुरूपुढं गुडघे टेकून नमस्कार करायचा असतो, तो करायला. बरोबर चो चो बाई, हातात सोन्याच्या बांगड्या, खाली पिकअप चालू ठेवलेली. कराराच्या कागदावर बापाचा अंगठा तिथंच उठवायचा आणि तसंच निघायचं, असा तिचा बेत. सू लाटच्या हातात कपड्यांची पिशवी होती. तनाखा लावलेला नव्हता.

"चला, आवरा," चो चो म्हणाली. "नमस्कार झाला की अंगठा, अंगठा झाला की गाडी. बाकीच्या पोरी उन्हात बसल्यात माझ्या."

सायामा ओसरीवर मान खाली घालून बसली होती. सू लाटनं तिच्यापुढं गुडघे टेकले, पण नमस्काराआधी तिनं बापाच्या हातातला कागद घेतला. चार पानं, इंग्रजीत.

"अगं, ते काय वाचतेस?" चो चो हसली. "सगळ्याजणी सही करतात. वाचत कोण बसतं?"

सू लाट वाचत राहिली. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. खाली पिकअपचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. बाप म्हणाला, "सू, बाई थांबल्यात." दुसरं पान. भोंगा. मी चुलीपाशी मिरच्या निवडत होते, माझे हात थांबले.

सू लाटनं हाताची घडी घातली, मान खाली घातली आणि म्हणाली, "ताई, मला हे समजलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या पोरीच्या तोंडून हे शब्द ऐकले, वडीलधाऱ्या माणसासमोर.

"काय समजलं नाही?"

"तुम्ही बाबांना म्हणालात, एकाच घरात काम. इथं लिहिलंय, न विचारता मला दुसऱ्या कुणाकडंही देता येईल. तिथं मिळेल ते कामाचं कार्ड त्यांच्याकडं राहील. आणि दोन वर्षं परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाय ठेवायचा नाही."

"ते लिहितात तसं. त्याचा अर्थ तसा नसतो."

"मग कसा असतो, ताई?"

चो चोनं तिन शेनकडं बघितलं. "काका, तुमच्या पोरीला शिंगं फुटलीत. माझ्या यादीत दुसऱ्या पन्नास पोरी हायेत."

तिन शेन कागदाकडं बघत होता. त्याला त्यातलं काही वाचता येणार नव्हतं, तरी बघत होता. "खरंच लिवलंय का ते?" त्यानं सायामाला विचारलं.

सायामानं कागद हातात घेतला नाही. "ती म्हणते ते बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

अंगठा उठला नाही. चो चो बाई तरातरा गेली. जाताना म्हणाली, "पुन्हा मला बोलावू नका." दिलेला शब्द मोडला म्हणून तिन शेनचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. तो लेकीवर खेकसला, "झालं समाधान? आता? वाचून भात शिजतो का गं? परीक्षाबी गेली आन् हेबी गेलं!"

सोमवारपासून ती गावाबाहेरच्या शिलाई कारखान्यात दोरे कापायला लागणार, हे तिथंच उभ्याउभ्या ठरलं.

मग तिनं राहिलेला नमस्कार केला. अशा वेळी गुरूनं आशीर्वाद द्यायचा असतो. सायामानं तो दिला नाही, तिच्या पिशवीची सुटलेली गाठ बांधून दिली.

"रविवारी सुट्टी असते म्हणतात," सू लाट म्हणाली. "येऊ?"

"येऊन काय करशील? पुढच्या परीक्षेची फी कोण भरणार, मला माहीत नाही. मी तुला खोटं सांगणार नाही."

"फीचं नाही विचारलं, सायामा. रविवारचं विचारलं."

सायामानं 'ये' म्हणून मान हलवली.

पहिल्या रविवारी मी चटई पसरली. सू लाट आली नाही; जादा काम होतं. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी नाही. दर खेपेला सायामा पानभर गोष्ट लिहून आणायची, शेजारी माझ्याकडचं स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवायची, दुपारी दोन्ही उचलायची.

"नका लिहू," मी म्हटलं. "जिवाला त्रास करून घेताय."

"मग काय करू, ते सांग."



चौथ्या रविवारी दुपारी सू लाट आली. केसांत दोऱ्यांचे तुकडे, बोटांना पट्ट्या. भात खाल्ला, दोन वेळा घेतला. मग कागद घेऊन माझ्या चटईवर बसली. सायामानं घड्याळ समोर ठेवलं, म्हणाली, "या पानाला आठ मिनिटं. समजलं नाही तरी पुढं जायचं. आता हे शिकायचंय."

"हो, सायामा."

तिनं पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि तशीच, बोट तिथंच ठेवून, भिंतीला टेकून झोपली.

मी तिला हलवायला पुढं झाले. सायामानं हातानं थांबवलं. तिनं घड्याळ उचललं, उलटं करून स्वतःच्या मांडीवर ठेवलं. संध्याकाळी सू लाटचा बाप न्यायला येईपर्यंत सायामा तिथून उठली नाही.